एका अक्षराची भाऊबंदकी

मनुष्याच्या वयाविषयीं, विद्येविषयीं किंवा पगाराविषयीं कोणी चुकीचें बोललें तर तो हंसून सोडून देतो; परंतु त्याच्या आडनांवांतील एखादें अक्षर कोणीं चुकविलें कीं त्याचा तोल सुटतो. लग्नपत्रिकेवर आपलें नांव नीट घातलें नाहीं म्हणून पंगतीस न गेलेले गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. नांव हें आपलें सर्वांत जुनें वतन, आणि त्यांतील अक्षरें ह्या त्या वतनाच्या चतुःसीमा, अशी सर्वांचीच समजूत असते. आमचीहि होती. ती कशी सुटली, त्याची ही हकीकत आहे. आणि ती सुटण्यास कारण झालेले गृहस्थ आयरिश वंशाचे एक वृद्ध अमेरिकन होते.

कांहीं वर्षें आमचें बिऱ्हाड न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत होतें. आमच्या आडनांवाचें इंग्रजी स्पेलिंग आजोबांनीं एक केलें, शाळेच्या दाखल्यावर कारकुनानें दुसरें केलें, आणि पासपोर्टावर तिसरेंच उमटलें. त्यामुळें टपालवाला गोंधळून आमचीं पत्रें वरचेवर शेजारच्या पेटींत टाकी. शेजारचे वृद्ध गृहस्थ तीं स्वतः आणून देत. एके दिवशीं त्यांनीं तीन लिफाफे आमच्यापुढें धरले व विचारलें, "यांतले खरे तुम्ही कोणते?" "तिन्ही नांवांना आम्हीच ओ देतों," असें आम्हीं म्हणतांच त्यांची मुद्रा गंभीर झाली. "असें करूं नका," ते म्हणाले, "शंभर वर्षांनीं तुमचा पणतू तुम्हांला शोधूं लागेल, तेव्हां त्याचे हाल होतील."

हे हाल ते स्वतः तीस वर्षें भोगीत होते. त्यांचें खरें आडनांव आम्ही येथें छापीत नाहीं. त्याच घडणीचें 'कार्नी' हें आडनांव या लेखापुरतें त्यांस देतों. आपल्या लिपींत तें लिहावयास अडचण नाहीं. ऐकूं आलें तसें लिहिलें कीं झालें. परंतु रोमन लिपींत त्याचा आरंभ 'के'नें करावा कीं 'सी'नें, 'ए'च्या आधीं एक मुकी 'ई' घालावी कीं न घालावी, शेवटच्या 'वाय'पूर्वीं आणखी एक 'ई' असावी कीं नसावी, यांतून अर्धा डझन रूपें सहज निघतात. आमच्या शेजाऱ्यांचें रूप 'के'चें आणि दोन्ही 'ईं'चें होतें. आणि 'सी'वाले ते आपले नव्हेत, असा त्यांच्या घराण्यांत तीन पिढ्यांचा सिद्धांत होता. घराण्याची दुसरी श्रद्धा अशी कीं, त्यांचे पणजोबा टिपरेरी परगण्यांतून दुष्काळानंतर एकटे निघाले, कोणाचा हात न धरतां न्यूयॉर्कास उतरले, आणि स्वतःच्या हिंमतीवर उभे राहिले. त्या पणजोबांचें मूळ शोधण्यासाठीं त्यांनीं पत्र्याची एक पेटी भरून कागद जमविले होते. पुढें त्यांची दृष्टि मंद झाली, आणि आम्हीं सायंकाळीं जाऊन ते कागद त्यांस वाचून दाखवावे असें ठरलें. घरच्या एकांतानें कंटाळलेल्या आम्हांसहि तें हवेंच होतें.

पहिल्या कांहीं दिवसांतच आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्या अक्षराचा त्यांस एवढा अभिमान तें त्यांच्या पूर्वजांचें मुळीं नव्हतेंच. आयरिश भाषेंत आडनांवापूर्वीं 'ओ' किंवा 'मॅक' लागतो. 'मॅक' म्हणजे पुत्र आणि 'ओ' म्हणजे नातू, अर्थात् वंशज. हे उपपद पुरुषांचें. मुलीच्या आडनांवाला 'ओ'ऐवजीं 'नी' लागतो, सुनेच्या आडनांवाला 'ई' लागतो, आणि त्या योगानें पुढचें पहिलें व्यंजनहि मऊ होतें. म्हणजे एकाच घरांत बाप, लेक आणि सून यांचीं आडनांवें तीन तऱ्हेनें उच्चारलीं जात, आणि त्यांत कोणास कांहीं चुकल्यासारखें वाटत नसे. आडनांव ही तेथें उच्चाराची बाब होती, आणि उच्चार माणसाच्या नात्याप्रमाणें बदले.

पुढें इंग्रजांचें राज्य आलें. १३६६ सालच्या किल्केनीच्या कायद्यांनीं आयर्लंडांतील इंग्रजांस आयरिश नांवें घेण्याची मनाई केली. १४६५ च्या कायद्यानें डब्लिनच्या आसपासच्या आयरिश लोकांस इंग्रजी आडनांवें घेण्याचा हुकूम केला. आडनांव एखाद्या शहराचें असो, काळा, गोरा, तपकिरी अशा रंगाचें असो, किंवा लोहार, सुतार, आचारी अशा धंद्याचें असो, पण तें इंग्रजी असावें. हा हुकूम कागदावर जेवढा कडक होता तेवढा व्यवहारांत झाला नाहीं. परंतु सतराव्या व अठराव्या शतकांत जमिनी गेल्या, धर्म दडपला गेला, आणि तेव्हां कायद्यास जें साधलें नव्हतें तें दैन्यानें साधलें. हजारों घराण्यांनीं 'ओ' आणि 'मॅक' आपण होऊन टाकून दिले. उरलेला शब्द इंग्रज कारकून कानावर पडेल तसा लिही. शिंद्यांचे 'सिंदिया' करणाऱ्या त्या कानाची करामत आपणांस ठाऊक आहेच.

कांहीं ठिकाणीं तर नांवांचें भाषांतर झालें. 'गावा' म्हणजे लोहार, म्हणून कॅव्हन परगण्यांतील कित्येक 'मॅकगोवन' सरळ 'स्मिथ' झाले. 'सीर' या शब्दाचा एक अर्थ कारागीर व दुसरा अर्थ मोकळा; म्हणून एकाच मूळ आडनांवाचीं कांहीं घरें 'कार्पेंटर' झालीं आणि कांहीं 'फ्रीमन' झालीं. 'ओ लुआन' या नांवांत कोणास कोंकरूवाचक आयरिश शब्द ऐकूं आल्याचा भास झाला, आणि एक सबंध घराणें 'लॅम' होऊन बसलें. हा घोळ इतका माजला कीं, १८९० सालीं नोंदणी खात्यांतील रॉबर्ट मॅथेसन या अधिकाऱ्यास, कोणतें आडनांव कोणत्या रूपांनीं चालतें, याचें स्वतंत्र पुस्तकच काढावें लागलें. एकच मनुष्य जन्मनोंदीच्या वेळीं एक आडनांव सांगे आणि लग्नाच्या वेळीं दुसरें सांगे, आणि दोन्ही खरीं असत.

कार्नी या नांवाचीच गोष्ट घ्या. त्याच्या मुळाशीं निदान दोन निरनिराळीं आयरिश नांवें आहेत, आणि त्यांचीं कुळें व प्रदेश वेगळे आहेत. म्हणजे अगदीं एकाच स्पेलिंगचे दोघे कार्नी एकमेकांचे कोणीहि नसूं शकतात. उलट त्यांतील एका कुळाच्या प्रमुखास 'कोल्हा' अशी पदवी होती. त्या पदवीचेंच पुढें आडनांव झालें, आणि त्या कुळांतील कांहीं आज इंग्रजींत 'फॉक्स' म्हणून वावरतात. तेव्हां कार्नी आणि फॉक्स हे सख्खे भाऊबंद असूं शकतात. हें आम्हीं शेजाऱ्यांस वाचून दाखविलें तेव्हां ते बराच वेळ बोलले नाहींत; मग म्हणाले, "कोल्हा चालेल. 'सी' चालणार नाहीं."

टाकून दिलेलीं उपपदें उचलून घेण्याचाहि काळ पुढें आला. कॅथॉलिकांच्या हक्कांसाठीं लढलेल्या डॅनियल ओ'कॉनेल यांचे वडील नुसते 'कॉनेल' म्हणविले जात; मुलानें 'ओ' परत घेतला. १८९३ सालीं गेलिक लीग स्थापन झाल्यावर तर पुष्कळांनीं आजोबांनीं टाकलेलें अक्षर पुन्हां धारण केलें. आयरिश आडनांवांचे थोर अभ्यासक एडवर्ड मॅकलायसॅट हे जन्मतः केवळ 'लायसॅट' होते. आणि २०११ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा मनीगॉल या खेड्यास गेले, तेव्हां डब्लिनच्या सभेंत त्यांनीं आपल्या नांवांतील वाटेंत हरवलेलें 'ओ'पुढचें चिन्ह शोधण्यास आपण आलों आहों असा विनोद केला. त्यांच्या आईच्या बाजूचा एक पूर्वज, एका चांभाराचा मुलगा, १८५० सालीं त्या गांवाहून अमेरिकेस गेला होता; आणि योगायोग असा कीं तोहि कार्नीच होता. ही बातमी वाचतांना आमच्या शेजाऱ्यांनीं प्रथम विचारलें, "'के' कीं 'सी'?" 'के' आहे असें कळतांच ते प्रसन्न झाले.

आतां ही अक्षरें लिहिलीं कोणीं? १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर रोग पडला, आणि पुढील सातआठ वर्षांत सुमारें दहा लाख लोक मेले व त्याहून अधिक देश सोडून गेले. जे गेले त्यांतील पुष्कळांस लिहितां वाचतां येत नव्हतें. अनेकांची घरची भाषा आयरिश होती. अशा मनुष्याचें नांव पाद्र्यानें लॅटिनांत लिहिलें; जेम्स असेल तर 'याकोबुस' केलें, विल्यम असेल तर 'गुलिएल्मुस' केलें. जमीनसाऱ्याच्या कारकुनानें तें इंग्रजी कानानें लिहिलें, जहाजाच्या मुनिमानें घाईनें लिहिलें, आणि अमेरिकन शिरगणतीवाल्यानें दारांत उभें राहून, शेजारणीस विचारून लिहिलें. ज्याचें नांव तो मनुष्य मात्र सहीच्या जागीं फुली करून मोकळा झाला. फुली करणारा स्पेलिंग चुकवूं शकत नाहीं. त्याच्या हातून चूक होण्यास त्याच्या हातीं अक्षर तरी असावें लागतें.

अमेरिकेंत एक दंतकथा घरोघर ऐकूं येते, कीं एलिस बेटावरील सरकारी कारकुनांनीं आमचें आडनांव बदललें. आमच्या शेजाऱ्यांचीहि 'सी'वाल्यांविषयीं हीच उपपत्ति होती. वस्तुतः ते कारकून नांवें नव्यानें लिहीत नसत. निघण्याच्या बंदरावर जहाज कंपनीनें केलेली यादी पुढें ठेवून ते प्रश्न विचारीत. शिवाय तें ठाणें उघडलें १८९२ सालीं. दुष्काळाचे लोक त्यापूर्वीं चाळीस वर्षें येऊन गेले होते, आणि १८५५ सालीं कॅसल गार्डनचें ठाणें सुरू होण्याआधीं तर उतारू सरळ धक्क्यावर उतरत.

इकडे आयर्लंडांतील मूळ कागदांची कथा त्याहून करुण आहे. १८६१ पासून १८९१ पर्यंतच्या शिरगणत्यांचे तक्ते सरकारनेंच नष्ट करविले. त्यापूर्वींचे चार शिरगणत्यांचे तक्ते, मृत्युपत्रें व प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक वह्या डब्लिनच्या फोर कोर्ट्स येथील दप्तरखान्यांत जपून ठेविल्या होत्या. ३० जून १९२२ रोजीं, यादवी युद्धांत, तो दप्तरखाना उडाला. त्या दिवशीं सात शतकांचे कागद शहरावर राख होऊन पडले. म्हणून आज शोध करणारास १८२३ ते १८३७ च्या दरम्यानच्या धर्मकराच्या वह्या, १८४७ ते १८६४ मधील ग्रिफिथची जमीनआकारणी, १८६४ पासूनची जन्ममृत्यूंची सरकारी नोंद, आणि कॅथॉलिक चर्चच्या ज्या वह्या दप्तरखान्यांत गेल्याच नव्हत्या त्या, एवढ्यावरच भागवावें लागतें. शेजाऱ्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा या शेवटच्या वह्यांतच सांपडला होता. आईबापांचीं नांवें होतीं, आईचें माहेरचें आडनांव होतें. आणि तेथें धागा तुटला होता.

तो जुळला एका बँकेच्या वहींत. न्यूयॉर्कांतील आयरिश लोकांनीं १८५० सालीं चेंबर्स रस्त्यावर स्वदेशीयांसाठीं एक बचतीची बँक काढली. खातेदारांत मोलकरणी, मजूर, हमाल असे पुष्कळ. त्यांच्या सहीवर भिस्त ठेवावी तर सही येत नाहीं. नांवावर ठेवावी तर एका नांवाचे पन्नास. तेव्हां बँकेनें एक निराळी वही घातली. खातें उघडतांना विचारावयाचें, जन्म कोणत्या गांवीं, कोणत्या जहाजानें केव्हां आलां, आईबापांचीं नांवें काय, आईचें माहेर कोणतें, भावंडें किती व तीं कोठें आहेत. पुढें पैसे काढावयास तो मनुष्य आला कीं तेच प्रश्न पुन्हां विचारावयाचे. उत्तरें जुळलीं तर तो खरा. आडनांवाचें स्पेलिंग विचारण्याची त्या बँकेस कधींच गरज वाटली नाहीं. आपल्या माणसांची आठवण हीच तिनें ओळख मानिली. त्या वह्या आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत.

शेजाऱ्यांच्या पेटींत त्या वह्यांतील कांहीं पानांच्या छापील प्रती होत्या. एका सायंकाळीं आम्ही त्या वाचीत होतों. "कार्नी," आम्हीं वाचलें, "मोलकरीण, जन्म टिपरेरी," आणि पुढें खेड्याचें, आईचें व बापाचें नांव वाचलें. खुर्चींत मागें रेललेले वृद्ध एकदम ताठ बसले. "पुन्हां वाचा." आम्हीं पुन्हां वाचलें. "आईचें माहेर?" आम्हीं तें सांगितलें. "भावंडें?" एक भाऊ, आयर्लंडांत, आणि भावाचें नांव त्यांच्या पणजोबांचें. नोंद १८५३ सालची होती. खोलींत कांहीं वेळ घड्याळाशिवाय दुसरा आवाज नव्हता. मग त्यांनीं हळूच विचारलें, "अक्षर कोणतें?"

'सी' होतें. आणि त्या नोंदीच्या शेजारीं, कागदाच्या कडेला, शिसपेन्सिलीनें केलेली एक लहानशी फुली होती. ती त्यांच्याच हातची होती. वीस वर्षांपूर्वीं, डोळे चांगले असतां, त्यांनीं हें पान पाहिलें होतें, पहिलें अक्षर पाहिलें होतें, आणि 'आपली नव्हे' अशी खूण करून तें उलटलें होतें. कानाला 'के' आणि 'सी' हीं दोन अक्षरें नाहींत. तो एकच 'क' आहे. डोळे गेले म्हणून बहीण सांपडली.

पुढील कांहीं आठवडे आम्हीं तिच्या खात्याची माहिती मिळविण्यांत घालविले. एक एक दोन दोन डॉलर असे पैसे सांठत गेलेले होते; आणि १८५४ च्या वसंतांत, जहाजाच्या तळच्या वर्गाचें एका माणसाचें भाडें सुटेल एवढी रक्कम एकदम काढलेली होती. त्याच उन्हाळ्यांत पणजोबा न्यूयॉर्कास उतरल्याचें उताऱ्यांच्या यादीवरून त्यांस पूर्वींच ठाऊक होतें. कोर्टांत टिकेल असा हा पुरावा नव्हे, हें आम्ही जाणतों. तरी त्या काळीं आधीं आलेल्या बहिणींनीं मोलमजुरी करून मागाहून भावांस आणविणें ही नित्याची गोष्ट होती. ज्या पणजोबांच्या एकट्याच्या हिंमतीचें कीर्तन तीन पिढ्या चाललें, त्यांच्या तिकिटाचे पैसे एका मोलकरणीच्या खात्यांतून आले असावेत. आणि तिचें नांवहि त्या घरांत कोणास ठाऊक नव्हतें. "आम्ही तिला 'सी'वाल्यांत ढकललें," एवढेंच ते म्हणाले.

ती कोठें पुरली आहे हेंहि सांपडलें. क्वीन्समध्येंच कॅल्व्हरी नांवाची कॅथॉलिकांची मोठी स्मशानभूमि आहे. सुमारें तीस लाख माणसें तेथें विसांवलीं आहेत. तेथील वहींत तिचें आडनांव आणखी तिसऱ्याच स्पेलिंगनें होतें. शिळा नव्हती, केवळ जागेचा आंकडा होता. आमच्या घरांपासून तें स्थळ मोटारीनें फार दूर नव्हतें, आणि पणजोबांच्या थडग्यावर फुलें ठेवण्यास शेजारी दर वर्षीं तेथेंच जात असत.

त्याच भूमींत ॲनी मूर हिचेंहि थडगें आहे. १ जानेवारी १८९२ रोजीं एलिस बेटावर सर्वांत आधीं पाऊल टाकणारी ती मुलगी. कॉर्कहून दोघां धाकट्या भावांस घेऊन ती आली, आणि अधिकाऱ्यांनीं तिला दहा डॉलरांचें सोन्याचें नाणें दिलें. पुढें कित्येक वर्षें टेक्सासांतील त्याच नांवाची एक बाई म्हणजेच ती, असें मानून तिच्या वंशजांचे सत्कार झाले. २००६ सालीं वंशशोधक मेगन स्मोलेनियाक यांनीं दाखवून दिलें कीं, टेक्सासची ॲनी मूर अमेरिकेंतच जन्मली होती. खरी ॲनी न्यूयॉर्कांत दारिद्र्यांत राहून १९२४ सालीं वारली, आणि तिच्या थडग्यावर शिळासुद्धां नव्हती. ती २००८ सालीं बसली. तेथें अक्षरन् अक्षर जुळत होतें, आणि माणूस चुकीचें होतें. आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतींत अक्षर चुकीचें होतें, आणि माणूस आपलें होतें.

शेजाऱ्यांनीं शिळा बसविण्याचें ठरविलें. पाथरवटानें कागद पुढें करून विचारलें, आडनांवाचें स्पेलिंग काय घालूं? ज्या मनुष्यानें आयुष्यभर बिलावरचें, पाकिटावरचें, औषधाच्या बाटलीवरचें आपलें आडनांव दुरुस्त करून घेतलें, तो त्या प्रश्नापुढें आठ दिवस अडला. घराण्याचें शुद्ध स्पेलिंग घालावें तर तें तिनें कधीं पाहिलेंहि नसेल. स्मशानाच्या वहींतलें घालावें तर तें कोणा परक्या कारकुनाचें. शेवटीं त्यांनीं बँकेंतलें घातलें. "ते पैसे ह्या नांवानें ठेवलेले होते," ते म्हणाले, "आणि त्याच पैशांनीं आम्ही आलों." शिळेवर 'सी' कोरला गेला. ज्या दिवशीं ती बसली त्या दिवशीं त्यांनीं वांकून त्या अक्षरावरून बोट फिरविलें. डोळ्यांनीं तें त्यांस नीट दिसत नव्हतें.

वाचकांस यांत भाषेच्या शुद्धतेचा अनादर दिसूं नये. अक्षरें नीट लिहावीं, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु आपण ज्यास घराण्याचें शुद्ध रूप म्हणतों तें बहुधा घराण्यांतील पहिल्या साक्षर मनुष्याच्या वेळचें असतें. त्याच्या मागें ज्या पिढ्या झाल्या त्यांना केवळ हांक ठाऊक होती. त्यांच्या शोधास जावयाचें तर हांकेच्याच वाटेनें गेलें पाहिजे. नाहीं तर घरचींच माणसें परकीं म्हणून वगळलीं जातात, आणि त्यांत बहुधा तीं असतात ज्यांना सही करतां येत नव्हती.

त्यानंतर आम्ही तेथें असेपर्यंत आमचीं पत्रें शेजारच्या पेटींत पडतच राहिलीं, आणि ते वृद्ध गृहस्थ पूर्वींप्रमाणेंच तीं आणून देत राहिले. मात्र त्यांतले खरे आम्ही कोणते, हें त्यांनीं पुन्हां कधीं विचारलें नाहीं.